पेनड्राईव्हमधलं लग्न

ही हकीकत सांगायला बसलो की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, काळी नदीतून प्रेतं वर काढली. त्यातलं बरंचसं आता विसरलो. पण जोयडा तालुक्यातली एका पेनड्राईव्हची साधी अर्ज-चौकशी काही केल्या विसरत नाही. त्यात रक्ताचा थेंब सांडला नाही, कुणाला बेड्या पडल्या नाहीत. तरीही तिची आठवण निघाली की मला चारचौघांत अवघडल्यासारखं होतं. नावं कुणाचीच घेणार नाही. ती माणसं अजून तिथंच आहेत आणि बाजाराच्या दिवशी एकमेकांच्या समोर येतात.

मी तेव्हा त्या भागात सबइन्स्पेक्टर होतो. आमच्या खात्यात तिकडची बदली म्हणजे शिक्षाच समजतात. जंगल, जळवा, चार चार दिवस गायब होणारी वीज. कामं तरी कसली? गोव्याकडून येणारी दारू, तोडलेलं सागवान, गणेशगुडीला होडीत बसायला येणारे आणि होडीआधीच झिंगलेले पाहुणे. मी मूळचा खानापूरकडचा, त्यामुळं बोलीची अडचण नव्हती. लोक माझ्याशी मोकळं बोलत. मोकळं म्हणजे शेजाऱ्याविषयी मोकळं, स्वतःविषयी नव्हे.

तिथल्या पावसाची एक रीत सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट समजायची नाही. ज्येष्ठ लागला की घराघरातल्या निम्म्या वस्तू चुलीवरच्या माळ्यावर चढतात. बियाणं, पापड, आमसुलं तर जातातच. पण चामड्याची वहाण, रेडिओ, पोरांची सर्टिफिकिटं, देवाचा फोटो, सगळं तिथं. नाही ठेवलं तर आठवड्यात बुरशी. आमच्या ठाण्यातले पट्टेसुद्धा आमचा रायटर, म्हणजे ठाण्याचं लिखाणकाम सांभाळणारा हवालदार, घरी नेऊन चुलीवर टांगायचा. वरिष्ठ तपासणीला आले की नाक वर करून विचारायचे, "इथं काही जळतंय का हो?" आम्ही म्हणायचो, "नाही साहेब, पट्टे आहेत."

अशाच एका ओल्या सकाळी एक बाई ठाण्यात आली. तिशीतली असेल. बरोबर शाळेच्या वयाची मुलगी. दोघी निथळत होत्या. बस म्हटल्यावरसुद्धा बसली नाही. खुर्ची भिजेल म्हणाली.

"साहेब, माजं लगीन चोरीला गेलंय," ती म्हणाली.

रायटरनं वर पाहिलं. मला वाटलं दागिने असतील. मंगळसूत्र गेलं का, विचारलं.

"न्हाई, ते हाय की गळ्यात. त्येला कोन मानतंय? लग्नाचा व्हिडिओ हुता, पेनड्राईव्हमदी. त्यो गेला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ती घाटाच्या पलीकडची. गणेशगुडीकडं एका लॉजवर स्वयंपाकाला होती. तिथंच जीप चालवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या पोराशी जमलं. लग्न तिच्या मामाच्या अंगणात लागलं. मुलाकडून आई आणि शेजारची चार माणसं आली. नोंदणी वगैरे तिकडं कोण करतं? मामाच्या एका पाहुण्यानं फोनवर व्हिडिओ काढला आणि पेनड्राईव्हमध्ये घालून आहेर म्हणून दिला; त्याचा तो फोन पुढं मोडीत गेला. संसार झाला, मुलगी झाली आणि गेल्या उन्हाळ्यात नवरा काविळीनं गेला. बारावं आटपलं आणि दिरानं तोंड उघडलं. "ही आमच्या भावानं ठेवलेली बाई. लगीन-बिगीन कायबी झालेलं न्हाई." नवऱ्याच्या वाट्याची भातजमीन होती, घरात खोली होती. ती द्यायची नव्हती, दुसरं काय!

वंशावळीत नाव लावण्यासाठी ती तालुक्याच्या कचेरीत गेली. तिथं लग्नाचा पुरावा मागितला. मामा वारला होता. तिच्याकडच्या माणसांची साक्ष दीर मानेना. लग्नाला आलेले शेजारी दिराच्याच जीपवर नाहीतर शेतावर कामाला, ते म्हणाले, आम्हाला आठवत नाही. लग्नात जेवलेली माणसं! तलाठी गावात येऊन महजर करणार होता, म्हणजे गावासमोर विचारपूस करून पंचांच्या सह्या घेणार होता. त्याआधी तिच्या हातात एकच गोष्ट होती, पेनड्राईव्ह. तो ती हळदीकुंकवाच्या डबीत ठेवायची.

"शाळंत हिला पोरं काय म्हणत्यात ते सांगू का साहेब?" तिनं मुलीकडं बघितलं आणि गप्प झाली. मुलगी फरशीकडं बघत होती. मीही फरशीकडंच बघायला लागलो.

व्हिडिओतले फोटो छापून घ्यायला तिनं तो पेनड्राईव्ह बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडं दिला होता. झेरॉक्स, फोटो, ऑनलाईन अर्ज, सगळं त्याच एका दुकानात चालायचं. त्यानं व्हिडिओ लावून बघितला, छापायची चित्रं निवडली आणि वीज गेली. तिची शेवटची बस होती. "उद्या ये, तयार ठेवतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेली तर म्हणाला, काउंटरवरून कुणीतरी उचलला. आणि वर हेही म्हणाला, "काल सांजंला तुजा दीर आलता झेरॉक्सला."

अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली. चौकशीला लागलो तोच चहाच्या हॉटेलवाल्यानं मला बाजूला घेतलं. हा आमचा जुना खबरी. चहापेक्षा बातमी गरम देणारा. म्हणाला, "साहेब, त्यो दीर काल इथं बसून हसत हुता. 'आता दाव म्हनावं काय दावतीस', असं चारचौघांत बोलला." माझ्या दृष्टीनं प्रकरण तिथंच संपलं होतं. हेतू आहे, जागेवर हजेरी आहे, वरून माज. मी बीटवरच्या पोलिसाला पाठवून दिराला बोलावून घेतलं.

माणूस आडदांड होता. पण ठाण्याच्या पायरीवर आला आणि आधी चपला काढून ओळीत ठेवल्या. मी त्याला बाकावर बसवला आणि मुद्दाम कागद चाळत राहिलो. चोरी केलेला माणूस अशा वेळी बोलायला लागतो. मी कुठं होतो, कुणाबरोबर होतो, न विचारता सांगतो. हा तसलं काही बोलेना. एकदाच म्हणाला, "म्हशी सोडायच्या राहिल्यात. म्हातारीला जमत न्हाईत."

"पेनड्राईव्ह कुठं आहे?"

"मला काय ठाव?"

"दुकानात गेला होतास?"

"गेलतो की. आधार कार्डाची झेरॉक्स काढली, आलो."

"हॉटेलात हसत होतास?"

"हसलो. त्येची शिक्षा हाय काय?" मग माझ्याकडं सरळ बघत तो म्हणाला, "साहेब, लगीन झालंच न्हाई म्हणून मी गावभर सांगतोय. मग न्हाई त्या लग्नाचा पेनड्राईव्ह मी कशापायी चोरू? चोरला तर हुतं असंच झालं की."

गडी खोटारडा होता, पण बोलण्यात तथ्य होतं. मला त्याचा राग आला आणि राग आला तरी सोडावं लागलं. संध्याकाळपर्यंत बसवून घेण्याइतकंही माझ्याकडं काही नव्हतं. तो गेला तसा बाजारभर झालं, पोलिसांनी उचलला होता. पुढं त्याच्या घरीही गेलो. झडती कसली, नुसती पाहणी. म्हातारी आई ओसरीवर आली, मला पाण्याचा तांब्या आणि गूळ दिला.  आम्ही मुलाला विचारत होतो आणि ती खांबाला धरून उभी होती.

मग कॉम्प्युटरवाल्याचा जबाब घेतला. चाळिशीचा, नीटनेटका, शर्टाच्या खिशाला पेन लावणारा. बाजारात त्याला मान होता. पंचायतीत, शाळेत, सोसायटीत, एवढंच काय, आमच्या ठाण्यातल्या टायपिंगच्या कॉम्प्युटरवरही त्यानंच फायलींची प्रत ठेवायची सोय करून दिली होती. दिवाळीनंतर बसवली. रोज संध्याकाळी कॉम्प्युटर स्वतःहून सगळ्या फायलींची प्रत शेजारच्या डिस्कवर घ्यायचा. कुणी बटण दाबायला नको, आठवण ठेवायला नको. काम झालं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत यायचं, 'कॉपी पूर्ण'. आधी आमच्या रायटरनं विजेच्या झटक्यात वर्षाची टायपिंग घालवली होती, त्यामुळं तो या माणसाला देवाच्या खालोखाल मानायचा.

"तुमच्याकडं सगळ्याची प्रत असते म्हणता," मी म्हणालो, "मग तिच्या व्हिडिओची का नाही?"

"ते गिऱ्हाइकाचं सामान, साहेब. आपल्या फोल्डरात घेतलं न्हवतं. घेनारच हुतो, तवर लाईट गेली."

"मग लाईट आली कधी?"

"आली की जरा येळानं."

"मग घेतलं का नाही?"

तो रुमालानं मान पुसायला लागला. बाहेर पाऊस, अंगावर काटा यावा असा गारवा, आणि हा घामानं डबडबलेला. मी ते पाहिलं. पण पोलिसांसमोर सज्जन माणसाला जास्त घाम फुटतो हेही मी अनेकदा पाहिलं होतं. म्हणून सोडून दिलं.

कोडं सुटलं ते आमच्याच ठाण्यात, आणि तेही रायटरच्या किंचाळण्यानं. त्या दिवशी तो घरचा पेनड्राईव्ह घेऊन आला होता. नातीच्या बारशाचे फोटो होते, आम्हाला दाखवायचे होते. कॉम्प्युटरला लावला, आम्ही सगळ्यांनी फोटो बघितले, बाळ आजोबांवर गेलंय म्हणून त्याची थोडी चेष्टाही झाली. मग कैद्यांना कोर्टात नेणारी पार्टी आली, गडबड झाली, पेनड्राईव्ह तसाच राहिला. संध्याकाळी काढायला गेला आणि ओरडला, "अवो साहेब! माज्या नातीचं बारसं गेलं की वो!"

बघतो तर काय! पेनड्राईव्हमध्ये बाळ नाही, पाळणा नाही. समन्सची पत्रं, बंदोबस्ताचे आदेश, पासपोर्ट चौकशीचे अहवाल. ठाण्याची सगळी टायपिंग नीट ओळीनं भरलेली. आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'कॉपी पूर्ण'.

"डिस्क कुठं आहे आपली?" मी विचारलं.

रायटर ओशाळला. "चुलीवर, साहेब. बुरशी लागंल म्हणून घरी नेली. त्येनंच सांगितलं हुतं की, पावसात डिस्क उबंला ठेवा म्हणून. लागंल तवा आना म्हनाला."

मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही. पण खात्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना बिल्ल्यावरून ओळखायची सवय असलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही. कॉम्प्युटर त्याला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एक अक्षर देतो. आमच्या डिस्कला जे अक्षर होतं, ते ती घरी गेल्यावर रिकामं झालं. नंतर जो पेनड्राईव्ह लावला, त्याला तेच मिळालं. त्या माणसानं बसवलेली सोय तोंड बघत नव्हती, बिल्ला बघत होती. आणि तिला शिकवलेलं असं, की प्रत हुबेहूब झाली पाहिजे. कॉम्प्युटरमध्ये जे नाही ते तिकडून पुसून टाकायचं. बाळ आमच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हतं, म्हणून बाळ पुसलं. दिवाळीनंतरचा हा पहिलाच पावसाळा. तोवर डिस्का जागेवर होत्या, म्हणून कुणाला कळलं नाही.

आणि बाजारातल्या दुकानातली डिस्क? तीही चुलीवरच असणार. तो तर तिथलाच माणूस.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रायटरला घेऊन दुकानात गेलो. गणवेश घातला नव्हता. गिऱ्हाईक नव्हतं. मी रायटरचा पेनड्राईव्ह काउंटरवर ठेवला.

"लाव आणि सांग यात काय आहे."

त्यानं लावला. समन्सची पत्रं दिसली. तो बघत राहिला आणि मग स्टुलावर बसला नाही, खाली जमिनीवरच बसला. एवढा नीटनेटका माणूस.

"तुमच्याकडंबी झालं व्हय," एवढंच म्हणाला.

रायटर माझ्यापेक्षा जास्त तापला होता. "तुला ठाव हुतं! त्या बाईचं गेलं तवाच तुला कळलं हुतं. एक शबूद तरी सांगायचास की रे! माज्या नातीचं..."

"कुणाच्या तोंडानं सांगू, अण्णा?" तो म्हणाला. "सगळ्या हापिसात म्याच बसवलंय. काय हरवत न्हाई म्हणून छातीला हात लावून सांगितलंय. पुसलं म्हटल्यावर माज्या दुकानाची पायरी कोन चढलं असतं?"

मग त्यानं सगळं सांगितलं. त्या दिवशी वीज आली, कॉम्प्युटर सुरू झाला. पेनड्राईव्ह हरवू नये म्हणून त्यानं तो तसाच लावून ठेवला होता. काळजीपोटीच म्हणायचं. वेळ झाली, सोय चालू झाली, आणि लग्न पुसून त्या जागी बाजारभरच्या लोकांचे अर्ज आणि दाखले भरले. त्याच क्षणी काढून बेळगावला नेला असता तर काहीतरी हाती लागलं असतं, असं पुढं तिथल्या दुरुस्तीवाल्यानं आम्हाला सांगितलं. पण न्यायचं म्हणजे कुणाला तरी सांगायचं. यानं सांगितलं नाही. स्वतःच खटपट करत बसला. कसले कसले प्रोग्रॅम उतरवून त्यावरच घातले. आणि रोज संध्याकाळी ती सोय पुन्हा चालायची, पुन्हा वरून भरायची. ती बंद करायचंसुद्धा त्याला त्या घाबरगुंडीत सुचलं नाही.

"आणि दिराचं नाव?"

"नाव म्या घेतलं न्हाई, साहेब. आलता एवढंच म्हटलं."

"आलता एवढंच म्हटलंस," मी म्हणालो. माझा आवाज चढला तसा तो दोन्ही हातांनी तोंड झाकून घ्यायला लागला. मोठ्या माणसाला असं तोंड झाकताना पाहणं फार वाईट असतं. चोर रडला तर मला काही वाटत नाही. हा चोर नव्हता.

पेनड्राईव्ह त्याच्या घरी निघाला, दुकानाच्या मागच्या बाजूला. बायको भाकरी करत होती. तो माळ्याकडं हात करून उभा राहिला, हात पुढं जाईना. शेवटी तिनंच तांदळाचा डबा खाली काढला. आत डिस्क आणि तिच्या शेजारी, कापडात गुंडाळलेला, त्या बाईचा पेनड्राईव्ह. बायकोनं तो ओळखला. बाजारात सगळ्यांनाच ती गोष्ट माहीत होती. "ह्यो हितं? माज्या चुलीवर?" ती म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली. पंचनामा करताना आम्हाला त्या धुरात बसणंही जड गेलं.

त्याचा जबाब नव्यानं घेतला. खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई करता आली असती. बाईला बोलावून सगळं सांगितलं. ती बराच वेळ त्या पेनड्राईव्हकडं बघत राहिली. रडली नाही, भांडली नाही. मी विचारलं, याच्यावर गुन्हा नोंदवायचा का?

"त्येला आत घालून माजं नाव वंशावळीत लागंल काय?" तिनं विचारलं.

नाही लागणार, मी म्हणालो. मग कॉम्प्युटरवाल्याकडं वळलो. "तू तो व्हिडिओ बघितलास. हिच्याशिवाय तो बघितलेला दुसरा माणूस या तालुक्यात आता तूच. महजरला येऊन सांगशील?"

"सांगायचं म्हंजे कसं पुसलं तेबी सांगावं लागंल?"

"सांगावं लागेल."

तो छत्री घेऊन बाहेर पडला. येईल अशी माझी खात्री नव्हती.

महजर गावच्या शाळेच्या ओसरीवर झाला. पावसानं थोडी उघडीप दिली होती, माणसं बऱ्यापैकी जमली होती. तलाठी टेबलाशी, गावकर म्हणजे गावचा मानकरी आणि पंच बाकावर. बाई मुलीला घेऊन एका कडेला. मी बंदोबस्ताच्या नावाखाली मागं उभा. दीर पुढंच मांडी घालून बसला होता; माझ्याकडं बघून त्यानं मुद्दाम नमस्कार केला. त्याची आई बायकांच्या घोळक्यात, शेवटी भिंतीला टेकून.

तलाठ्यानं विचारलं, लग्न कुणी पाहिलंय? शेजारी एकमेकांकडं बघायला लागले. कुणी खोकलं. कुणी बिडी विझवली. मग ओसरीच्या पायऱ्या चढून कॉम्प्युटरवाला आला. खिशाला पेन नव्हतं.

"म्या पायलंय," तो म्हणाला. "व्हिडिओत पायलंय. मामाच्या अंगणात मांडव हुता. आंतरपाट धरला हुता. नवऱ्यानं मंगळसूत्र घातलं ते पायलंय."

"आनी व्हिडिओ कुटं हाय?" दीर.

"म्या पुसला. चुकून. आनी पुसला म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. चोरी झाली म्हणून खोटं बोललो. तुज्यावर आळ आला तरी गप बसलो."

हशा पिकला. खरंच पिकला, मला अजून तो ऐकू येतो. "पुसणाराच साक्षीदार!" कुणीतरी म्हणालं. "आपोआप साक्ष देतोय बगा!" दुसरं कुणीतरी. पंचायतीत आणि शाळेत ज्याला खुर्ची द्यायचे, तो माणूस मध्ये उभा होता आणि कानापर्यंत लाल झाला होता. वाटलं, आता हा उतरून जाणार. तो गेला नाही. हसू थांबेपर्यंत उभा राहिला आणि मग तेच पुन्हा म्हणाला, पहिल्यापेक्षा हळू. "म्या पायलंय. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी हिची ओटी भरत हुती."

हसणारी तोंडं भिंतीकडं वळली. भिंतीजवळची म्हातारी उठायला लागली. गुडघ्यावर हात ठेवून, शेजारणीचा आधार घेऊन. अंगावर लुगडं दुसरंच होतं, पण कुणाला विचारावं लागलं नाही.

"बसा रं हसनारे," ती म्हणाली. "त्येला हसतासा व्हय? त्यो उबा तरी ऱ्हायला. मीच भरली ओटी. ही माजी सून हाय. ती पोर माजी नात हाय."

"अव्वा!" दीर ओरडला.

"गप. एक ल्योक गेला माजा. दुसऱ्यापायी गप बसले." ती तलाठ्याला म्हणाली, "लिव बाबा. अंगठा कुटं करायचा त्यो दाव."

तलाठी लिहायला लागला. मग शेजाऱ्यांनाही एकेक करून आठवायला लागलं, कुणाला मांडव आठवला, कुणाला जेवणातला भात. दिराची मान खाली गेली ती वर आली नाही. बाई मात्र जागची हलली नव्हती.

"आत्ती," ती सासूला म्हणाली, "आदीच का न्हाई बोललासा?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "पयल्या दिशी गप बसले ग. मग रोजच गप बसाया लागलं."

मी कॉम्प्युटरवाल्याकडं पाहिलं. त्याचंही तेच झालं होतं. पहिल्या संध्याकाळी एक वाक्य बोलला असता तर बेळगावची बस होती. मला एवढ्या वर्षांच्या नोकरीत वाटायचं, गुन्हे लोभानं होतात, रागानं होतात. लाजेनं किती होतात ते मी या अर्जात पाहिलं, आणि लाज काही वाईट माणसांनाच वाटत नाही. चांगल्याला जास्त वाटते. रायटरनं दुसऱ्या दिवशी डिस्क घरून आणली आणि ठाण्याच्या कॉम्प्युटरला कायमची बांधून टाकली, सुतळीनं. बुरशी लागली तर लागू दे म्हणाला. कॉम्प्युटरवाला आपण होऊन सगळ्या कचेऱ्यांत फिरला, चूक काय झाली ते सांगून प्रत्येक ठिकाणची सोय दुरुस्त करून आला. काही ठिकाणी त्याला चहा मिळाला, काही ठिकाणी शिव्या.

बाईचं नाव वंशावळीत लागलं. ती पेनड्राईव्ह न्यायला ठाण्यात आली. मुद्देमाल परत दिल्याची पावती रायटरनं पुढं केली, तिनं सही केली. मला जरा बरं वाटत होतं. चौकशी तडीस गेली होती, खरं बाहेर आलं होतं. मी म्हटलं, "आता याची तुला गरज नाही, बाई. आत काही राहिलेलंही नाही. पुरावा झाला, नाव लागलं."

"व्हय साहेब," ती म्हणाली. "तुमचा पुरावा झाला."

तिनं पेनड्राईव्ह पदराच्या टोकाला ठेवला आणि गाठ मारायला लागली. गाठ नीट बसेना.

"त्यात त्ये हसत हुते, साहेब. टीव्हीला लावून हिला रोज दावायची मी. बाबा हसताना बघ म्हणून."

मुलगी दाराशी उभी होती. मी, रायटर, पहाऱ्यावरचा पोलीस, आम्ही तिघंही कागदांकडं बघत राहिलो. अख्ख्या फायलीत, अर्जापासून पावतीपर्यंत, ही गोष्ट कुठंच लिहिलेली नव्हती.